गायरानाची आरोपी

एप्रिलात शाळेनं सांगितलं, सगळ्यांनी पोलिसांचं सर्टिफिकेट आणायचं. आया, ड्रायव्हर, वॉचमन, झाडूवाल्या, कुणीही सुटणार नाही. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. मायबाप आपली लेकरं परक्याच्या हवाली करतात, त्यांनी विचारलंच पाहिजे. मी हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या त्या शाळेत लहान वर्गाची आया. दिवसभर याचं नाक पूस, तिची चड्डी बदल, एकाला झोपवावं तर दुसरं उठतं. माझ्या नावावर पोलिसांत निघून निघून काय निघणार, दगड?

तर दगडच निघाला.

अर्ज माझ्या लेकीनं, शिल्पानं भरला होता. ती बी.कॉम.ला आहे. इंग्रजी फाडफाड वाचते, मराठी वाचायला दिलं की बोट ठेवून ठेवून अडखळते. मोबाइलवर पत्त्याची जागा आली तेव्हा तिनं विचारलं, "मम्मी, इथला टाकू की आधारवाला?" मी म्हटलं, आधारवालाच टाक, पोलिसाला खोटं कशाला सांगायचं. आमचं आधार गावाचं. देगलूरच्या पलीकडं माळाच्या अंगानं वसलेलं गाव, माझं सासर-माहेर तिथंच, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. हैदराबादेत भाड्याच्या खोल्या बदलून बदलून जन्म गेला, पण मतदान गावात, राशन गावात. कागदावर आम्ही कधी गाव सोडलंच नाही.

शाळेतल्या झाडूवाल्या सुशीलाबाईचं सर्टिफिकेट आठवड्यात आलं. रोज सिग्नल तोडणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरचंही आलं. माझ्याकडं मात्र सर्टिफिकेट नाही, शिपाईच आला. भला माणूस होता. चपला दाराबाहेर काढून उंबऱ्याशी उभा राहिला आणि हातातला कागद वाचून म्हणाला, "अम्मा, आपके उपर तो केस है. उधर महाराष्ट्रा में. सरकारी आदमी पे पत्थर मारे बोलके."

"मेरे उपर? साब, मैं इधर बच्चों के नाक पोंछती. मैं कायकू पत्थर मारती?"

"मेरे कू क्या मालूम अम्मा. उधर से जवाब ऐसा आया. उधर जाके पूछो."

पाणी प्यायला आणि गेला. शेजारणीचा मिक्सर मधेच बंद झाला होता, तो शिपाई गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत काही चालू झाला नाही. तिची चटणी तशीच अर्धी राहिली असेल. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं की गीता दगड मारते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. आमच्या पद्मावती मॅडम मराठीच, जुन्या हैदराबादी घरातल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"गीता, मी तुला ओळखते. पण पालकांना मी काय सांगू?"

"सांगा की खोटी केस आहे."

"हे मी सांगून कसं चालेल? पोलिसांनी सांगायला पाहिजे. जूनला शाळा उघडायच्या आत कागद आण. नाही आला तर माझ्या हातात काही नाही. आणि तोवर..." त्यांनी टेबलाकडं बोट केलं. लहान वर्गाच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती. ती मी सोडून तिथं ठेवली.

बाहेर ॲडमिशनची गर्दी होती. एक पोर पायरीवरून घसरलं आणि भोकाड पसरलं. माझे हात आपोआप पुढं गेले. तेवढ्यात ऑफिसातली क्लार्क पोरगी म्हणाली, "तुम्ही राहू द्या, मावशी." कालपर्यंत हीच पोरगी मला हाका मारमारून बोलावत होती. मला इतकं लागलं की काय सांगू. पोर रडतच होतं आणि मी हात पदरात गुंडाळून उभी होते.

घरी शिल्पाचे पप्पा भिंतीला पाठ लावून बसले होते. आबिड्सला गोदामात पोती उचलून उचलून त्यांची कंबर गेली. आता तिथंच गेटवर बसतात आणि निम्मा पगार घेतात. आमचं घर माझ्या नोकरीवर चाललंय, हे ते कधी बोलत नाहीत आणि मीही बोलत नाही. ते एवढंच म्हणाले, "मला सुट्टी देत नाहीत. शिल्पाला घेऊन जाऊन ये."

मी भावाला फोन लावला. संदेश माझ्याहून बराच लहान, गावातच असतो. केस म्हटल्यावर तो चक्क हसायला लागला.

"ती केस व्हय! आगं आक्का, ती तर सगळ्या वस्तीवर हाय."

"वस्ती गेली खड्ड्यात. त्यात माझं नाव कसं?"

"ते तू मायलाच इचार," म्हणाला आणि फोन ठेवला.

मॅडमकडून कशीबशी एक चिठ्ठी घेतली, की शिपायाच्या कागदावर होती त्या तारखेला गीता शाळेत हजर होती. आणि निघालो. इम्लीबनहून देगलूरची बस, मे महिना, खिडकीतून वारा नाही, भट्टीची वाफ येत होती. शिल्पा कानात वायर घालून बसली. तिची परीक्षा नुकतीच संपली होती, मैत्रिणींबरोबर नामपल्लीला कसलं तरी प्रदर्शन बघायला जायचं ठरलं होतं, ते बुडलं. ती तोंड फुगवून म्हणाली, "तू वहां थीच नहीं तो केस कैसा, मम्मी? लॉजिकच नहीं है." मी म्हटलं, बाई, ते तुझ्या आजीला सांग.

घरी पोचलो तर माय घरात नव्हती. संदेशची बायको रेणू पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि नजर चुकवत म्हणाली, "आत्या माळावर हाइत, आक्का. तुरीची धसकटं काढायला गेल्या." एवढ्या उन्हात! साठीची बाई! मी तांब्या तसाच ठेवला आणि तडक माळाची वाट धरली. रस्ताभर मी मनात भांडण रचत होते. पहिलं वाक्य काय, दुसरं काय, सगळं ठरवलं होतं.

माळ म्हणजे गायरान. सरकारी जमीन, गावाच्या जनावरांना चरायला ठेवलेली. आमच्या वस्तीतल्या लोकांना स्वतःची जमीन कधीच नव्हती, त्यांनी माझ्या लहानपणी तिथं पट्टे पाडले आणि कसायला लागले. आमचा पट्टा अगदी वरच्या अंगाला. माय उकिडवी बसून कुदळीनं धसकटाची मुळं मोकळी करत होती. तूर कापून नेली की जमिनीत जे खुंट राहतात ती धसकटं, वाळली की खिळ्यासारखी. पायात गेलं तर महिनाभर लंगडावं लागतं. नांगराच्या आधी ते सगळे वेचावे लागतात.

तिनं मान वर केली नाही. "आलीस? ते टोपलं घे."

"माय, मी टोपलं घ्यायला नाही आले. पोलिसांत माझं नाव कुणी दिलं?"

"म्या."

बास. एवढंच. कुदळ थांबली पण नाही. रस्ताभर रचलेल्या भांडणाची पुढची सगळी वाक्यं वाया गेली.

"काहून? काहून दिलंस?"

"काहून म्हंजे? समदेच नावं देऊलालते. धोंडाबाईनं तर पुण्यातल्या दोन्ही पोरांची नावं सांगितली. मग म्या एका लेकराचं सांगू अन् एकीला तसंच ठिवू? ते टोपलं घे म्हणलं ना."

मी टोपलं घेतलं. काय करणार? माय हातानं काम करताना बोलते, रिकामी बसली की मुकी होते. लहानपणापासून हेच. तिच्या तोंडून काही काढायचं तर तिच्या बाजूला वाकावं लागतं. म्हणून मी नोकरी वाचवायला हैदराबादहून आलेली बाई चांगल्या साडीचा ओचा खोचून धसकटं उपटायला लागले. शिल्पानंही दोन उपटली, तिसऱ्याला तळहातात काटा घुसला, मग ती बाभळीखाली जाऊन बसली आणि तिथं रेंज नाही म्हणून चिडली.

हळूहळू मायकडून सगळं निघालं. दोन वर्षांमागं माळाची मोजणी करायला सरकारी माणसं आली होती. खांब रोवायला लागले. वस्ती आडवी झाली. बाचाबाची झाली, कुणाच्या तरी पोट्ट्यानं दगड भिरकावला आणि जीपची काच फुटली. मग पोलीस आले. त्यांनी विचारलं, कोण कोण होतं? दुसऱ्या कुठल्या गावात माणसं पळाली असती. आमची वस्ती रांगेत उभी राहिली. माझं लिवा, माझ्या सुनेचं लिवा, माझ्या थोरल्याचं लिवा.

कारण आमच्याकडं सातबारा नाही. आमच्याकडं काय आहे? दंडाच्या पावत्या, नोटिसा, केसा. वस्तीत सगळ्यांची पक्की समजूत, की ही जमीन कधीतरी कसणाऱ्याच्या नावावर होणार, आणि त्या दिवशी सरकार विचारणार, तुम्ही कसत होता कशावरून? मग हेच दाखवायचं. बघा, तुम्हीच आम्हाला इथं पकडलं होतं. दंडाची पावती साधा पुरावा, पण पोलीस केस म्हणजे एकदम जोरदार पुरावा. मायनं तो जोरदार पुरावा मला मिळवून दिला होता. दुसऱ्यांच्या माया लेकीच्या ओटीत सोनं घालतात, माझ्या मायनं मला गुन्ह्यात घातलं होतं.

"माय, माझी नोकरी जायली गं त्यानं!"

"नोकरी आज हाय, उद्या हाकलतील. इथून तुला कोण हाकलतंय?"

"सरकार हाकलतंय ना! म्हणून तर केस झाली!"

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. कपाळावरचा घाम भुवयांवरून डोळ्यात उतरत होता, तो तिनं मनगटानं पुसला. "मग? हाकललं का?"

 मी डोक्याला हात लावून बसले. बसले ती बरोबर एका खुंटावर आणि बोंबलून उठले. माय हसली. मेली हसली! मला रडावं की तिच्या हातातली कुदळ फेकून द्यावी कळेना.

"तू बारकी व्हतीस," ती परत कुदळ मारायला लागली. "ह्यो समदा धोंड्याचा माळ व्हता. तुझा बाप जायचा कामाला. तू अन् म्या धोंडे वेचले. तुझं नख गेलतं, हे ह्या बोटाचं. संदेश तवा पोटात व्हता माझ्या. त्यानं काय वेचलं? अन् समदं त्याचंच म्हणं?"

नख गेल्याचं मला आठवत होतं. अजून ते बोट वाकडं आहे. मी पुढचा खुंट धरला. आम्ही दोघी ऊन कलेपर्यंत वाकून होतो. माझी कंबर धरली, तळहाताला फोड आले. शाळेत वाकून वाकून मला वाटायचं आपल्याला सवय आहे, पण पोर उचलणं वेगळं आणि हे वेगळं.

संध्याकाळी संदेश घरी आला तो अंडी घेऊनच. रेणूनं रस्सा केला, माझ्या ताटात भाकरीवर भाकरी वाढली. संदेश सारखा आक्का, आक्का करत होता.

"सकाळीच जाऊ ठाण्यात. जमादार माझ्या वळखीचा हाय. चार्जशीट अजून गेलं नाही, त्यामुळं नाव वगळता येतंय. म्या इचारून ठिवलंय. मायनं फकस्त सांगायचं की नाव चुकून दिलं. अंगठा मारला की सुटलीस. तुला कशाला आक्का ही झंझट? तू तिकडं सुखानं ऱ्हा."

विचारून ठेवलंय! या माणसाला घरावरचा फुटका पत्रा बदल म्हणून मी किती वर्षं सांगतेय, तो अजून तसाच गळतो. आणि माझं नाव काढायचं म्हटल्यावर फटफटीत पेट्रोल भरून तयार. मला खूप राग आला. मला हवं होतं तेच तो करत होता, आणि तरी राग आला. तो राग कुणावर काढावा तेही कळेना. रेणू चुलीपुढं बसून गुपचूप आमचं ऐकत होती. माय भिंतीकडं तोंड करून आडवी झाली होती, पण झोपली नव्हती. झोपली की ती घोरते.

सकाळी ठाण्यात गेलो. माय फटफटीवर संदेशच्या मागं, मी आणि शिल्पा ऑटोत. जमादार लक्ष्मणराव म्हणून होते, रिटायरला आलेले. पंखा त्यांच्या एकट्याकडं वळवलेला. त्यांनी कागद काढला आणि शिल्पाकडं सरकवला. "शिकलेली दिसतीस. वाच."

शिल्पानं बोट ठेवलं. "बे... बेका... मम्मी, ये क्या है?"

"बेकायदेशीर जमाव," जमादार म्हणाले आणि कागद परत ओढून घेतला. "आण इकडं. बाई, नोकरीत मी आरोपी पळताना पाहिले, झाडावर चढलेले पाहिले. आरोपी व्हायला रांग लावलेली तुमचीच वस्ती. ह्यात एकजण तर त्या दिवशी मेलेला होता. त्याच्या म्हातारीनं सांगितलं, तरी लिवा. मला काय माहीत मेलाय म्हणून? मी लिहिलं."

मी मॅडमची चिठ्ठी पुढं केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "हे बरं आहे. आता नाव देणाऱ्याचा जबाब पाहिजे. भागूबाई, बोला. ही तुमची लेक त्या दिवशी माळावर होती का?"

मायनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"नव्हती साहेब," संदेश म्हणाला. "लिवा तुमी."

"तुला कुणी इचारलं?" माय त्याच्यावर खेकसली. मग माझ्याकडं वळली. "तूच सांग. व्हतीस का नव्हतीस?"

मी जमादारांना म्हटलं, "साहेब, एक विचारू? त्या दिवशी मी नव्हते. पण त्या जमिनीत मी राबले आहे. तिचे दगड मी काढलेत. असं लिहिता येतं का? की दगड मारायला नव्हते, पण जमिनीत आहे?"

"ते तहसीलात विचारा. इथं दोनच गोष्टी. होता, नाहीतर नव्हता. होता म्हणाल तर आरोपी राहाल. नव्हता म्हणाल तर घरी जाल."

"पण तहसीलात पुरावा मागतील ना?"

"मागतील."

"आणि पुरावा हाच."

"बाई," ते वैतागले, "माझं डोकं नका खाऊ. ऊन वाढायलंय."

संदेश खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं होतं तो एकदा तरी म्हणेल, आक्का, नाव निघालं तरी तुझा वाटा कुठं जात नाही. नुसतं तोंडदेखलं म्हणाला असता तरी चाललं असतं. तो बाहेर लावलेली फटफटी बघत होता.

मला शिल्पाची फी दिसत होती, भिंतीला टेकलेले तिचे पप्पा दिसत होते, टेबलावर ठेवलेली किल्ली दिसत होती. मायकडं न बघता मी म्हटलं, "नव्हते."

पंख्यापुढं कागद फडफडले.  मायनं डावा हात पुढं केला. "आणा ती शाई." जमादारांनी जबाब लिहिला, मोठ्यानं वाचला. माझी मुलगी हैदराबाद येथे नोकरीस असते, ती घटनास्थळी हजर नव्हती, तिचे नाव मी गैरसमजातून सांगितले. मायनं अंगठा उमटवला. असा जोरात दाबला की नख पांढरं पडलं. जमादार म्हणाले, साहेबांच्या सहीनं रिपोर्ट जाईल, हैदराबादला पण कळवू, शाळा उघडायच्या आत होऊन जाईल. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, खरंच उतरलं. आणि लगेच इतकी शरम वाटली की मायच्या पायाकडं बघत राहिले. तिच्या टाचेत कालच्या धसकटाचा काटा तसाच होता.

"चला," संदेश उठला.

माय उठली नाही. "साहेब, हिचं नाव काढलं नव्हं?"

"काढलं म्हणायचं, भागूबाई."

"म्हंजे एक जागा रिकामी झाली."

जमादारांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. मायनं शाईचा हात लांबवला आणि शिल्पाचं मनगट धरून तिला पुढं ओढलं. शिल्पाच्या पांढऱ्या ओढणीवर निळा डाग पडला.

"तिथं हिचं लिवा. शिल्पा. माझी नात हाय. ही इथंच हाय आता, डोळ्यानं बघा. हिच्या मायला नको आसंल, हिला तर ऱ्हाऊ द्या."

"आजी! क्या कर रहे तुम?" शिल्पा हात सोडवायला लागली. संदेश जागच्या जागी थांबला. जमादारांनी कपाळावर हात मारला. "अहो भागूबाई, ती तेव्हा शाळेत असेल हो, लहान होती..."

"त्यानं काय हुतंय? हिची माय बी लहानच व्हती धोंडे वेचायला. लिवा, शिल्पा श्रीपती..."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उद्या ही पोरगी नोकरीला जाईल, तिथंही हेच सर्टिफिकेट मागतील, आणि ही बाई तिच्यासाठीही तीच केस मागत होती, जीव तोडून, हात जोडून मागत होती. मी झेपच घेतली आणि मायच्या तोंडावर हात दाबून धरला.

"गप! गप बस माय, पाया पडते तुझ्या, एक शब्द नको बोलू!"

तिनं धडपड केली नाही. नुसती माझ्याकडं बघत होती, आणि माझ्या फोड आलेल्या तळहाताखाली तिचे ओठ हलत होते. ती जमादारांना शिल्पाचं वय सांगत होती.